केसांची कैफियत: घरच्या आरशासमोर हायलाइट्स

मागच्या अंकात केस गळण्यावर लिहिलं आणि पत्रं आली ती सगळी रंगाची. तुळशीचं लग्न लागलं की दरवर्षी हेच होतं. यंदा फरक इतकाच की पार्लरमध्ये न जाता घरीच करू म्हणणारे जास्त आहेत. मी स्वतः पार्लर चालवते, तेव्हा "घरी नको, माझ्याकडे या" असंच उत्तर येणार, असा टोमणा दोघी-तिघींनी आधीच मारून ठेवलाय. तसं उत्तर नाही. काळ्या केसांत चार बारीक बटा घरी नीट निघतात. अख्खं डोकं सोनेरी घरी निघत नाही. एवढं मनात ठेवून पुढचं वाचा.

प्रश्न: ताई, माझे केस खांद्याच्या जरा खाली, सरळ, काळेभोर आहेत. आजवर रंग, मेंदी, स्मूदनिंग काहीही केलेलं नाही. मावसबहिणीचं लग्न आहे. कॉलेज रोडला हायलाइट्सचा भाव विचारला आणि आल्या पावली परत फिरले. एकटीने घरी करायचे तर कॅप घेऊ की फॉइल? दुकानदार म्हणाला, 40 व्हॉल्यूम घे, झटपट होतं. फोनमध्ये फोटो आहे, तसा सोनेरी रंग हवाय.
— पदवीच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, गंगापूर रोड

उत्तर: तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य म्हणजे "आजवर काहीही केलेलं नाही". कोऱ्या केसांवर ब्लीच कसं वागेल याचा अंदाज बांधता येतो. तुझं वर्षा-दोन वर्षांत स्मूदनिंग किंवा रीबाँडिंग झालेलं असतं, तर घरी ब्लीचचं नाव काढू नकोस म्हणाले असते. तसले केस आधीच एकदा रसायनाने मऊ पडलेले असतात, ब्लीच लागलं की मधूनच तुटतात.

आता त्या फोटोचं. काळ्या केसात मेलॅनिन, म्हणजे केसाला काळा करणारं रंगद्रव्य, ठासून भरलेलं असतं. ब्लीचच्या पावडरमधली परसल्फेटं आणि ती ज्यात कालवतात त्या डेव्हलपरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड ते मेलॅनिन फोडतात, पण एका दमात नाही. गडद भाग आधी जातो, तांबूस मागे उरतो. त्यामुळे केस आधी तपकिरी-लाल, मग वीटकरी, मग केशरी, मग केशरी-पिवळा, मग पिवळा आणि शेवटी फिकट पिवळा, असेच उतरतात. कुठल्याही कंपनीची पावडर आणलीस तरी हा क्रम चुकत नाही. फोटोतली मुलगी फिकट पिवळ्याच्या टप्प्यावर आहे आणि बहुतेक तिचे मूळचे केसच भुरे आहेत. तुला तिथे पोचायला एकावर एक दोन-तीन फेऱ्या लागतील आणि तोवर केसांचा झाडू होईल. तू केशरीच्या आसपास थांब. वर एक साधा टोनर, म्हणजे उजळलेल्या केसाची छटा बदलणारा हलका रंग, मारलास की त्याचा छान कॅरॅमल होतो आणि आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगाला तोच शोभतो. पैठणीवर तर फारच.

दुकानदाराचं ऐकू नकोस. बाटलीवरचा आकडा म्हणजे पेरॉक्साइडची ताकद: 10 व्हॉल्यूम 3 टक्के, 20 व्हॉल्यूम 6, 30 व्हॉल्यूम 9 आणि 40 व्हॉल्यूम 12 टक्के. 40 झटपट होतं हे खरंच, पण झटपट म्हणजे तुला थांबायला वेळच मिळत नाही. पहिली फॉइल लावून दहावी लावेपर्यंत पहिलीतले केस पुढे निघून गेलेले असतात. पार्लरमध्ये दोघी मिळून लावतात, तू एकटी आहेस. तुला 20 पुरे. जरा सावकाश चढेल, पण लगाम तुझ्या हातात राहील. पावडर सुटी घेऊ नकोस. मेन रोडच्या होलसेलवाल्याकडे स्वस्त मिळत असली तरी डबा कधी फोडला, त्यात दमट हवा किती गेली, काही कळत नाही. सीलबंद पाकीट घे, त्यावरची आणि डेव्हलपरवरची तारीख बघ.

कॅप की फॉइल? तुझ्या लांबीला फॉइल. कॅपच्या भोकांतून क्रोशाच्या सुईने लांब केस ओढायचे म्हणजे अर्धे गुंततात, अर्धे तुटतात, आणि मुळाशी ठिपके-ठिपके उमटतात. कॅप मुलांच्या आखूड केसांना ठीक. फॉइल स्वयंपाकघरातली चालते. वीतभर रुंदीच्या पट्ट्या काप आणि प्रत्येकीची वरची कड बोटाच्या पेराएवढी दुमडून घे. त्या दुमडीने फॉइल मुळाशी घट्ट बसते आणि ब्लीच वर ओघळत नाही. पट्ट्या आधीच कापून रचून ठेव. ब्लीचने माखलेल्या हातमोज्यांनी फॉइलचं रीळ फाडत बसलीस की घोटाळा झालाच म्हणून समज.

लग्नाच्या आदल्या दिवशी करायला जाऊ नकोस, किमान पंधरवडा आधी कर. आणि त्याच्याही दोन दिवस आधी चाचण्या. डेव्हलपरमध्ये कालवलेली पावडर आणि जो टोनर वापरणार तो, दोन्हींचा ठिपका कोपराच्या आतल्या बाजूला लाव आणि पाकिटावर लिहिल्याप्रमाणे 48 तास वाट बघ. खाज, लाली, पुरळ आलं तर विषय संपला. तुला दमा असेल तरीही घरी पावडर कालवू नकोस, परसल्फेटची धूळ दम्याला चेतवते. दुसरी चाचणी केसांची. कानामागची, आतल्या थरातली एक बारीक बट घे, तिला ब्लीच लावून फॉइलमध्ये ठेव आणि घड्याळ लाव. किती मिनिटांनी तुला हवा तो केशरी आला ते लिहून ठेव. नंतर ती बट धुऊन ओली असताना हलकेच ताण. जराशी लांबून परत जागेवर आली तर केस तगडा आहे. रबरासारखी ताणतच गेली किंवा तुटली, तर सोड.

त्या दिवशी केस न धुतलेले असू देत. तेल लावू का, हा आपला ठरलेला प्रश्न: आदल्या रात्री खोबरेलाचा हलका हात फिरवलास तरी काही अडत नाही, चप्प तेल मात्र नको. कपाळाच्या आणि कानाच्या कडेला व्हॅसलिन, अंगात जुना टॉप, हातात मोजे. पावडर-डेव्हलपरचं प्रमाण पाकिटावर असेल ते, बहुतेक ठिकाणी एकाला दोन. तुझ्या कामाला 20 ग्रॅम पावडर आणि 40 मिली डेव्हलपर भरपूर. वाटी आणि चमचा प्लास्टिकचा, धातूचा अजिबात नको. ब्रश उलटा धरला तरी ओघळत नाही इतकं घट्ट हवं. कालवताना खिडकी उघडी ठेव, बाथरूमचं दार लावून घेऊ नकोस.

आता बटा काढणं, म्हणजे सगळी कला इथेच. नेहमीचा भांग पाड. एकटीला आरशात दिसतं तेवढ्यावरच काम करायचं: भांगाच्या दोन्ही बाजू, कपाळाजवळच्या बटा, कानापर्यंतच्या कडा. मागचं डोकं सोडून दे. मोकळ्या केसांत ते दिसत नाही आणि आंधळेपणाने लावलेलं ब्लीच लगेच दिसतं. टेल कोमच्या शेपटीने भांगाला समांतर एक पातळ थर उचल, त्याखालून टाळू जरासा दिसेल इतका पातळ. मग तीच शेपटी त्या थरातून शिवणाच्या धावदोऱ्यासारखी वर-खाली काढ. वर आलेले केस घ्यायचे, खाली राहिले ते सोडायचे. वरच्या केसांखाली फॉइल सरकव, दुमडलेली कड टाळूकडे. ब्रशने आधी मधल्या लांबीला आणि टोकांना लाव आणि मुळाकडे सेंटिमीटरभर जागा सोड. टाळूच्या ऊबेने मुळाशी ब्लीच जोरात चढतं, तिथे लावलंस तर मुळं पिवळी आणि लांबी वीटकरी असा उलटा कारभार होतो. फॉइल अर्ध्यात दुमड, कडा दाब, क्लिपने बाजूला कर आणि पुढचा थर. प्रत्येक बाजूला चार-पाच फॉइल खूप झाल्या. पुढच्या दोन बटा जरा जाड घेतल्यास तरी छान दिसतं.

दहा मिनिटांनी पहिली फॉइल उघड. वरचा लेप फसवतो, म्हणून ओल्या कापसाने थोडं पुसून खालचा केस बघ. ओला केस सुकल्यावर एखादा टप्पा उजळ दिसतो हेही धर. नंतर दर पाच मिनिटांनी बघत राहा. तुझ्या चाचणीच्या बटेला लागलेली मिनिटं समोर आहेतच. पाकिटावर जी शेवटची मर्यादा असेल ती ओलांडायची नाही. लेप सुकला की काम थांबतं, मग नुसतं ठेवून काही मिळत नाही. आपल्याकडे थंडीत कामाचा वेग मंदावतो, म्हणून काही मुली डोक्याला फॉइल लावून गच्चीवर उन्हात जाऊन बसतात. फॉइल तापते, आतलं ब्लीच फुगून बाहेर येतं आणि टाळू भाजतो. ड्रायरचंही तेच. घरात बस.

जी फॉइल आधी लावली ती आधी काढ. बेसिनवर वाकून एकेक उघडून कोमट पाण्याने धू, सगळ्या एकदम सोडल्यास की ब्लीच न लावलेल्या केसांनाही लागतं. मग सौम्य शाम्पू, मग टोनर लावणार असशील तर टोनर, मग भरपूर कंडिशनर. उरलेलं मिश्रण बाटलीत भरून झाकण लावून ठेवू नकोस, त्यातून वायू सुटत राहतो आणि बाटली फुटते. पाण्यात सोडून दे.

आणि हे सगळं वाचून जीव दडपला असेल तर एक पळवाट आहे. कोऱ्या केसांवर ब्लीचशिवाय नुसत्या हायलाइट क्रीमच्या किटनेही तांबूस-तपकिरी छटा येते. सावलीत कळणार नाही, उन्हात चमकेल.

प्रश्न: माझं वय 48. पंधरा-एक वर्षं मेंदी लावते, लोखंडी कढईत, चहाच्या पाण्यात भिजवून, आवळा घालून. मध्ये वेळ नव्हता म्हणून पाकिटातली काळी मेंदी दोनदा लावली. आता भांगात पांढरे फार दिसतात. पांढरे लपवायला हायलाइट्स करतात असं ऑफिसात ऐकलं. घरी करू का?
— बँक कर्मचारी, नाशिकरोड

उत्तर: ऐकलंत ते खरं आहे. काळ्याभोर डायच्या शेजारी उगवलेलं पांढरं मूळ टोचतं, उजळ बटांमध्ये ते मिसळून जातं. पण तुमच्या केसांवर घरी ब्लीच लावायला मी सांगणार नाही.

कारण तुमच्या केसांत काय काय बसलंय ते तुम्हाला आणि मला दोघींनाही नक्की माहीत नाही. साध्या मेंदीचा रंग केसाच्या प्रथिनाला धरून बसतो, ब्लीचने तो पुरता निघत नाही, हट्टी केशरी उरतो. कढईचं लोखंड चहा-आवळ्याच्या तुरटपणाशी मिळून काळसर होतं, म्हणून तर आपण कढई वापरतो. तेही केसांवर बसतं आणि पेरॉक्साइड त्याच्याशी झोंबतं. "काळी मेंदी" नावाच्या पाकिटात तर मेंदीपेक्षा इतर गोष्टीच जास्त असू शकतात: पीपीडी नावाचं डायमधलं रसायन, नीळ नावाच्या झाडाची पूड, कधी धातूंचे क्षार. निळीवर ब्लीच चढवलं तर हिरवट झाक येते. धातूच्या क्षारांवर चढवलं तर केस हाताला चटका बसेल इतके तापू शकतात.

तरी कुतूहल असेल तर डोक्यावर नको, कापलेल्या केसांवर बघा. मानेजवळची बोटभर बट कापा, दोऱ्याने बांधा, काचेच्या वाटीत थोड्या ब्लीचमध्ये बुडवून खिडकीपाशी ठेवा. वाटी गरम झाली, बुडबुडे-वाफ आली, उग्र वास सुटला, तर उत्तर मिळालं. काही न होता नुसता केशरी आला तर पार्लरमध्ये चांगल्या हाताखाली विचार करता येईल. तिथे ही मेंदीची सगळी हकीकत सांगा, लपवू नका. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका "काहीच लावलेलं नाही" म्हणतात आणि कंगवा फिरवला की मेंदीचा भुगा पडतो.

खरं सांगू? तुमच्याकडे फुकटचे हायलाइट्स आहेत. पांढरा केस म्हणजे ब्लीच न करताच उजळलेला केस. मेंदी काही महिने थांबवा. मुळाकडून कोरे केस बोटभर आले की सोनेरी-तपकिरी छटेचा, अमोनिया नसलेला, काही धुण्यांत फिका होत जाणारा कलर त्यावर लावा. काळ्या केसांवर तो जवळपास दिसत नाही, पांढऱ्यांवर मधाळ बसतो. समोरचा म्हणेल, बारीक हायलाइट्स केलेत. कानामागे 48 तासांची चाचणी इथेही हवीच, विशेषतः काळ्या मेंदीने पूर्वी कधी टाळू खाजली असेल तर. ज्याला एकदा पीपीडीची ॲलर्जी झाली त्याला ती सहसा आयुष्यभर चिकटते.

प्रश्न: मित्राने हॉस्टेलवर माझे समोरचे केस स्ट्रीक्स म्हणून 40 व्हॉल्यूमने ब्लीच केले. भगवे झालेत. आई म्हणते काळा डाय फास, मित्र म्हणतो परत एकदा ब्लीच मार. जांभळा शाम्पू मागवलाय, आठवडाभर वापरतोय, काही फरक नाही. कपाळाच्या कडेला थोडी आग होते.
— इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, आडगाव

उत्तर: आधी कपाळ. फोड, ओल किंवा खपली असेल तर ती बरी होईपर्यंत डोक्याला काहीही लावायचं नाही. आग वाढली तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखव.

मित्राला सध्या डोक्यापासून लांब ठेव. एकदा 12 टक्क्यांनी भाजलेल्या केसांवर लगेच दुसरी फेरी मारणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. आईचंही ऐकू नकोस, पण तिला तसं सांगू नकोस. काळा डाय ब्लीच केलेल्या केसावर पहिल्या दिवशी काजळासारखा बसतो, मग धुण्यागणिक फिका होऊन खालचा भगवा डोकावतो आणि पुढे उजळ करायचं झालं तर तो डाय सहजी हलत नाही.

जांभळा शाम्पू पिवळ्यासाठी असतो. जांभळ्यासमोर पिवळा, निळ्यासमोर केशरी, रंगचक्राचा हिशेब आहे. तुला निळसर राख छटेचा कलर लागेल. बऱ्याच कंपन्यांच्या खोक्यावर शेडच्या आकड्यात दशांशानंतर 1 असेल तर ती राख छटा. तुझ्या भगव्याहून एक पायरी गडद, म्हणजे 6.1 सारखी शेड आणि 10 व्हॉल्यूम डेव्हलपर घे. कानामागची 48 तासांची चाचणी करून, टॉवेलने टिपलेल्या ओलसर केसांवर लाव आणि आरशासमोरून हलू नकोस, दर दोन-तीन मिनिटांनी पुसून बघ. ब्लीच झालेला केस रंग अधाशासारखा ओढतो, पाच मिनिटांत मळकट व्हायला वेळ लागत नाही. केस भगवे नसून पिवळे असतील तर ही शेड लावू नकोस, हिरवट दिसेल. आधी एका बटेवर लावून बघ.

आणि केस महिन्याला सुमारे सव्वा सेंटिमीटर वाढतात. तुझे केस आखूड आहेत. दोन-तीन कटिंगमध्ये नुसती टोकं उजळ उरतील, ती मुद्दाम केल्यासारखी छान दिसतात.

प्रश्न: आम्ही जुन्या नाशकातले. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, धप्पा मारल्याशिवाय सण होत नाही. यंदा हायलाइट्स आधी करू की नंतर?
— वाचक, तिवंधा चौक परिसर

उत्तर: नंतर! रहाडीचा रंग साध्या काळ्या केसातूनही निघता निघत नाही. ब्लीचने केसावरचं कवच उघडं पडलेलं असतं, त्यात तो थेट आत शिरतो. अशा बटा रंगपंचमीनंतर कित्येक आठवडे गुलाबी-पिवळ्या मिरवत फिरलेल्या मी पाहिल्यात. ज्यांना ते आवडतं त्यांचं ठीक, पण ऑफिस असणाऱ्यांची पंचाईत.

आधीच करून बसला असाल तर आदल्या रात्री उजळ बटांना खोबरेल आणि सकाळी वरून कंडिशनर थापा, धुऊ नका. वेणी घालून ती गुंडाळा आणि वर घट्ट कापड बांधा. केस आधीच तेलाने भरलेला असला की रंगीत पाण्याला आत जागा कमी मिळते. घरी आल्याआल्या धुवा, सुकू देऊ नका. उरलेला रंग काढायला पुन्हा ब्लीच नको. शाम्पूने हळूहळू जाईल तेवढा जाऊ द्या.

प्रश्न: लिंबाचा रस लावून उन्हात बसलं की नैसर्गिक हायलाइट्स होतात का? आणि चेहऱ्याचं ब्लीच घरात आहे, ते केसांना चालेल का?
— गृहिणी, सिडको

उत्तर: काळ्या केसांवर लिंबाने हायलाइट्स होत नाहीत, केस कोरडे होतात. लिंबाचा रस अंगावर ओघळून त्यावर ऊन पडलं तर कातडीवर काळे डाग किंवा फोडही येतात. चेहऱ्याचं ब्लीच बारीक लवेसाठी बनवलेलं असतं. डोक्याच्या जाड केसांवर ते कुठे वीटकरी, कुठे काहीच नाही, असं ठिगळासारखं उठतं. दोन्ही नको.

प्रश्न: आमच्या सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं. पार्लरमधून सुंदर राखाडी-तपकिरी हायलाइट्स करून आले, महिन्यात तांबडे आणि राठ झाले. पार्लरवालीला दोष देऊ का?
— वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर: टोनर काही आठवड्यांत उतरतोच, त्यात तिचा दोष नाही. उरलेला दोष तुमच्या नळाला द्या. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम केसांवर थर धरतं आणि पाण्यात लोह असेल तर उजळ बटांवर तांबूस झाक येते. बादलीला पांढरी खर बसते ना, तीच. पंधरवड्यातून एकदा जड पाण्यासाठीचा, चिलेटिंग म्हणून मिळणारा शाम्पू वापरा, रोज नको, तो टोनरही घेऊन जातो. शेवटचं धुणं फिल्टरच्या तांब्याभर पाण्याने करा, त्यात चमचाभर व्हिनेगर चालेल. आणि पुन्हा कधी ब्लीच करायचं ठरलं तर त्याच्या दोन-तीन दिवस आधी हा शाम्पू नक्की. केसात बसलेले लोह-तांब्याचे कण पेरॉक्साइडला नको तितकं भडकवतात.

पोहायला जाणाऱ्यांनीही हे वाचावं. तलावात उतरल्यावर उजळ बटा हिरवट होतात त्याला कारण पाण्यातलं तांबं. उतरण्याआधी केस साध्या पाण्याने भिजवून, कंडिशनर लावून मग टोपी घाला.

प्रश्न: मुलगी 13 वर्षांची आहे. वर्गातल्या सगळ्यांनी केलेत म्हणून हायलाइट्स हवेत म्हणते. घरी थोडंसं करून देऊ का?
— आई, इंदिरानगर

उत्तर: नको. कित्येक कलरच्या खोक्यांवर 16 वर्षांखालील मुलांसाठी नाही असं छापलेलंच असतं, तेच तिला वाचायला द्या. क्लिपच्या रंगीत बटा मिळतात, त्या गॅदरिंगला लावा आणि रात्री काढून ठेवा. "सगळ्यांनी" म्हणजे किती जणींनी, हेही एकदा शाळेच्या दाराशी उभं राहून बघा.

प्रश्न: मी निवृत्त आहे. पत्नीला हायलाइट्स करायचे आहेत, पार्लरमध्ये जायला ती संकोचते. केस कोरे आहेत, काळे-पांढरे. पुढचं ती स्वतः करेल, मागच्या बटा मी लावून देऊ शकतो का? हात स्थिर आहे, घड्याळं दुरुस्त करण्याचा छंद आहे.
— वाचक, म्हसरूळ

उत्तर: काका, या महिन्यातलं सगळ्यात आवडलेलं पत्र तुमचं. जरूर लावून द्या. वरच्या पहिल्या उत्तरातल्या चाचण्या, 20 व्हॉल्यूम आणि फॉइल, सगळं तसंच. काकूंचे पांढरे केस आधीच उजळ आहेत, त्यांना धरू नका, बटा निवडताना काळेच उचला. एखादा पांढरा आत आला तरी बिघडत नाही.

मागच्या भागासाठी काकूंना पाठ नसलेल्या स्टुलावर बसवा, उजेड तुमच्या मागून यायला हवा. केस माथ्यापासून मानेपर्यंत उभे दोन भाग करून क्लिप लावा. खालचा मानेजवळचा भाग तसाच सोडा, माथ्याखालच्या टप्प्यातच चार-पाच फॉइल लावा, आडव्या. थर पातळ घ्या. पुरुषांचा हात इथे जाड थर उचलतो आणि मग पट्टे उठतात. फॉइलची कड टाळूला टेकली पण लेप टेकला नाही, एवढं एक सांभाळा. तुम्ही मागचं आधी संपवा आणि मग काकूंनी पुढचं करावं. कपाळाजवळचे केस बारीक असतात, ते लवकर चढतात. धुतानाही मागच्या फॉइल आधी निघतील, तेव्हा काकूंना बेसिनकडे पाठ करून बसवा आणि मानेखाली टॉवेलची घडी द्या.

घड्याळ समोर ठेवा, चालू असलेलं. फोन दुसऱ्या खोलीत राहू द्या आणि तासभर कोणाला दार उघडायला जाऊ नका.